अपघातानंतरचे पोलिसांचे कागद कसे वाचायचे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अपघाताच्या दाव्यांचे कागद लावताना जे प्रश्न फोनवर आणि मेसेजवर पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं महाराष्ट्रातल्या पद्धतीला धरून आहेत. कायदा देशभर एकच असला तरी कागदांची नावं आणि ठाण्यातली भाषा राज्याराज्यांत बदलते. आधी एक सांगतो, ते खाली वारंवार येईल: हे कागद वाचताना विशेषणांकडे कमी आणि आकड्यांकडे जास्त बघा.

१. विमा कंपनी म्हणते, ‘पोलीस रिपोर्ट आणा’. म्हणजे नेमका कोणता कागद?

या नावाचा एकच कागद नसतो, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. एका अपघातात पोलिसांकडे बरेच कागद तयार होतात: स्टेशन डायरीतली नोंद, एफआयआर, घटनास्थळ पंचनामा आणि त्याला जोडलेला कच्चा नकाशा, साक्षीदारांचे जबाब, मोटार वाहन निरीक्षकाने केलेल्या गाडीच्या तपासणीचा अहवाल, दवाखान्यातलं जखमेचं प्रमाणपत्र. कोणी दगावलं असेल तर मरणोत्तर पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवालही. शेवटी दोषारोपपत्र किंवा समरी, म्हणजे तपास बंद करण्याचा अहवाल (प्रश्न १७).

स्वतःच्या गाडीचं नुकसान मागत असाल आणि कोणी जखमी नसेल, तर बंपरला पोचा आल्याच्या दाव्यात कंपन्या सहसा एफआयआर मागत नाहीत. जखमी, मृत्यू, दुसऱ्याच्या मालमत्तेचं मोठं नुकसान किंवा गाडीची चोरी असेल तर मागतात. कंपनीला सरळ विचारा: ‘एफआयआर हवी, पंचनामा हवा, की दोन्ही?’ आणि उत्तर ईमेलवर घ्या. तोंडी उत्तरावर ठाण्याच्या तीन चकरा होतात.

२. मला ‘एनसी’ची पावती दिली. हीच एफआयआर का?

नाही. एनसी म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७४ खालची. तिच्यात न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करत नाहीत. एफआयआर कलम १७३ खाली, दखलपात्र गुन्ह्याची. स्टेशन डायरीतली नोंद या दोन्हींच्या आधीची पायरी आहे. ‘अमुक वेळी अमुक ठिकाणी अपघात झाल्याचं कळलं’ एवढंच तिच्यात असतं.

रस्त्यावर बेदरकारपणे गाडी चालवणं, त्यातून दुखापत होणं, मृत्यू होणं हे सगळे दखलपात्र गुन्हे आहेत. त्यामुळे माणूस जखमी असताना हातात एनसीची पावती पडली असेल तर ती चुकीची आहे. काय करायचं ते प्रश्न ११ मध्ये.

३. एफआयआरची प्रत कोणाला मिळते? पैसे लागतात का?

खबर देणाऱ्याला किंवा पीडिताला प्रत लगेच आणि मोफत मिळाली पाहिजे, असं कलम १७३ सांगतं. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्देशांनंतर संवेदनशील गुन्हे वगळता एफआयआर २४ तासांत संकेतस्थळावर टाकायच्या आहेत (जोडणीची अडचण असेल तिथे जास्तीत जास्त ७२ तास). त्यामुळे महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर जिल्हा, ठाणं आणि तारीख टाकून ती शोधता येते.

पंचनामा आणि जबाब मात्र पोर्टलवर नसतात. त्यासाठी ठाण्यात लेखी अर्ज करा. दोषारोपपत्र न्यायालयात गेलेलं असेल तर तिथून सही-शिक्क्याची नक्कल काढा. दाव्यात नकलेचं वजन जास्त असतं.

४. एफआयआरच्या पहिल्या पानावर नुसते रकाने आहेत. त्यात काय बघायचं?

छापील मजकुरावर डोळे फिरतात खरे, पण पहिल्या पानावरचे पाच रकाने नीट वाचले तर अर्धी केस समजते.

वर गुन्हा रजिस्टर क्रमांक असतो: गु.र.नं., तिरकी रेघ आणि वर्ष. पुढे प्रत्येक अर्जात, पत्रात आणि फोनवर हाच विचारतात. तो मोबाइलमध्ये साठवून ठेवा.

मग तारखा. इथे तीन वेगळ्या वेळा असतात: घटना कधी घडली, ठाण्यात खबर कधी मिळाली आणि डायरीला नोंद कधी झाली. तिन्ही मिळवून बघा. वेळ चोवीस तासांच्या घड्याळात असते, ‘२०.१५ वा. चे सुमारास’ अशी. रात्री सव्वाआठचा अपघात ‘०८.१५’ असा लिहिला गेला तर कागदावर तो सकाळचा होतो, आणि ‘अंधारात ट्रॉलीला मागचा दिवा नव्हता’ हे म्हणणं तिथंच कोसळतं. ही चूक दिसायला फालतू, निस्तरायला अवघड.

घटनास्थळाच्या रकान्यात ठाण्यापासूनची दिशा आणि अंतर असतं. आरोपीच्या रकान्यात नाव किंवा ‘अनोळखी’. त्यानंतर ‘तक्रार करण्यातील विलंबाची कारणे’. हा रकाना बहुतेक वेळा रिकामा सोडतात. तुमच्या बाबतीत उशीर झाला असेल तर तो रिकामा राहू देऊ नका (प्रश्न १०). मृत्यूच्या प्रकरणात आकस्मिक मृत्यूचा क्रमांकही याच फॉर्मवर येतो.

मोठा मजकूर म्हणजे हकीकत, ती शेवटी. लोक तीच आधी वाचतात आणि तिथेच थांबतात.

५. २८१, १२५(अ), १२५(ब), १०६(१)... या आकड्यांचा अर्थ काय?

ही भारतीय न्याय संहितेची कलमं. १ जुलै २०२४ पासून ती लागू आहे. त्याआधीच्या अपघातात भारतीय दंड संहितेची जुनी कलमं दिसतील.

२८१ म्हणजे सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे गाडी हाकणं, जुनं २७९. १२५(अ) म्हणजे अशा कृतीतून दुखापत, जुनं ३३७. १२५(ब) म्हणजे गंभीर दुखापत, जुनं ३३८. १०६(१) म्हणजे हयगयीने मृत्यू, जुनं ३०४-अ. जुन्या कलमात जास्तीत जास्त दोन वर्षं कैद होती, आता पाच. चालक खबर न देता पळाला तर दहा वर्षांपर्यंत शिक्षा सांगणारं १०६(२) कायद्यात छापलेलं आहे, पण संहिता लागू करताना ते बाजूला ठेवलं. त्यावरून वाहतूकदारांचा संप झाला होता, तेच हे कलम.

त्यापुढे ‘सह मो.वा.का.’ असं लिहून मोटार वाहन कायद्याची कलमं येतात. १८४ धोकादायक चालवणं, १८५ नशेत चालवणं (१०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून जास्त अल्कोहोल), १३४ आणि १८७ जखमीला मदत न करता, खबर न देता निघून जाणं. ३/१८१ दिसलं तर चालकाकडे परवाना नव्हता. १४६/१९६ दिसलं तर गाडीला विमा नव्हता. ही शेवटची दोन कलमं दाव्याच्या दृष्टीने सगळ्यात महागाची, कारण पैसे कोण भरणार हे त्यांवर फिरतं. एफआयआर हातात आली की मी आधी ही दोन शोधतो.

गंभीर दुखापत कशाला म्हणायचं हेही कायद्यात लिहिलेलं आहे. हाड मोडलं किंवा दात पडला तरी ती गंभीर. हात प्लास्टरमध्ये असताना एफआयआरमध्ये फक्त १२५(अ) असेल तर एक्स-रेचा अहवाल घेऊन तपासी अंमलदाराला भेटा.

६. ‘भरधाव वेगात, हयगयीने, अविचाराने, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून’ असं लिहिलंय. म्हणजे समोरच्याची चूक सिद्ध झाली ना?

झाली नाही. हे वाक्य जवळजवळ प्रत्येक अपघाताच्या एफआयआरमध्ये असतं, कारण कलम २८१ लावायला ते शब्द लागतात. बैलगाडीला धडकलेल्या मोपेडच्या एफआयआरमध्येही ‘भरधाव’ असतं.

एफआयआर म्हणजे एका माणसाने सांगितलेली पहिली खबर. सांगणारा कधी दवाखान्यात अर्धवट शुद्धीवर असतो, कधी अपघाताच्या वेळी तिथे नसलेला भाऊ असतो. ‘मला फोनवरून समजले की’ अशी सुरुवात असेल तर पुढची सगळी हकीकत ऐकीव आहे असं धरून वाचा. चूक कोणाची ते ठरतं पुढच्या कागदांवरून, त्यातही पंचनाम्यावरून.

७. घटनास्थळ पंचनामा कसा वाचायचा?

इथे घाई करू नका. पंचनामा म्हणजे दोन पंचांसमोर, जागेवर जाऊन पोलिसांनी टिपलेली परिस्थिती. भाषा रुक्ष, वाक्यं लांबलचक, पण आकडे इथेच असतात. समजण्यासाठी मी रचलेला हा नमुना बघा:

‘सदर घटनास्थळ पूर्व-पश्चिम जाणारा डांबरी रस्ता असून रस्त्याची रुंदी २४ फूट आहे. रस्त्याच्या दक्षिण कडेपासून आत ५ फूट अंतरावर काचेचे तुकडे पडलेले दिसतात. तेथून पूर्वेस १८ फूट अंतरावर मोटारसायकल पडलेली असून तिचे पुढील चाक वाकलेले आहे. रस्त्यावर ब्रेकच्या खुणा दिसून येत नाहीत.’

समजा मोटारसायकल पूर्वेकडून पश्चिमेला चालली होती, कार समोरून येत होती, आणि एफआयआर म्हणते की मोटारसायकलवाला ओव्हरटेक करताना कारच्या बाजूला घुसला. आता आकडे मांडा. रस्ता २४ फूट, म्हणजे मध्य १२ फुटांवर. पश्चिमेला जाणाऱ्याची डावी बाजू दक्षिणेची. काचा दक्षिण कडेपासून ५ फुटांवर, म्हणजे मोटारसायकलवाल्याच्याच बाजूला, मध्यापासून ७ फूट आत. गाडी पडली पूर्वेला, म्हणजे ज्या दिशेने आली त्याच दिशेला १८ फूट मागे रेटली गेली. आणि ब्रेकच्या खुणा नाहीत. हकीकत एक सांगते, मोजपट्टी दुसरंच. कागदाच्या पाठीवर पेन्सिलीने रस्ता काढून हे अंतर टाकून बघा, पाच मिनिटं लागतात.

अर्थात काचा उडतात, आणि वाहतूक मोकळी करायला गाड्या बाजूला ओढल्या जातात. म्हणून पंचनामा कधी केला ती वेळ बघा. दुसऱ्या दिवशी दुपारी केलेल्या पंचनाम्यात गाडीची जागा मूळची असेलच असं नाही. ‘वाहन रस्त्याच्या कडेला लावलेले दिसते’ असं वाक्य असेल तर गाडी हलवलेली आहे.

याच्या जोडीला मोटार वाहन निरीक्षकाचा अहवाल ठेवा. ब्रेक चालू होते का, यांत्रिक दोष होता का, आणि मुख्य म्हणजे मार कुठे बसला. ‘डाव्या बाजूचा मागील दरवाजा आत दबलेला’ आणि ‘समोरासमोर धडक’ ही वाक्यं एकाच अपघाताची असू शकत नाहीत.

८. एफआयआरमध्ये गाडीचा नंबर (किंवा नाव, किंवा वेळ) चुकला आहे. दुरुस्त कसा करायचा?

नोंदलेली एफआयआर कोणी खोडत नाही, ती तशीच राहते. तपासी अंमलदाराकडे लेखी अर्ज द्या आणि पुरवणी जबाब नोंदवायला सांगा. योग्य नंबर त्यात येतो, आणि दोषारोपपत्रात दुरुस्त नंबर जातो. अर्जावर आवक शिक्का आणि तारीख घ्यायला विसरू नका.

नंबर चुकलाय हे महिन्यांनी लक्षात आलं तर विमा कंपनी हमखास म्हणते की गाडी नंतर ‘घातली’. म्हणून प्रत मिळाल्या दिवशीच नंबर मोठ्याने वाचून घ्या, अक्षरांसकट. पंचनाम्यात चूक असेल तर स्वतः काढलेले, तारीख-वेळ असलेले फोटो अर्जाला जोडा. रस्ता महिन्याभरात बदलतो: खड्डा बुजतो, गतिरोधक येतो, फलक उभा राहतो.

९. मार मला लागला, आणि पोलिसांनी आरोपीही मलाच केलं!

होतं असं. समोरच्याने आधी ठाणं गाठलं, तुम्ही शस्त्रक्रियेच्या टेबलावर होतात. ज्याची फिर्याद पहिली, त्याची हकीकत पहिली.

दवाखान्यातून तुमचा जबाब नोंदवायला लेखी मागणी करा आणि प्रत पोलीस अधीक्षकांना पाठवा. तुमची फिर्यादही स्वतंत्रपणे देता येते. एकाच घटनेच्या दोन परस्परविरोधी फिर्यादी असू शकतात. सीसीटीव्हीचं मात्र आजच बघा. दुकानांचे आणि पंपांचे कॅमेरे जुनं चित्रण आपोआप पुसत जातात, तपासाची चाकं फिरेपर्यंत ते थांबत नाहीत. दुकानदाराला लेखी विनंती करा आणि त्याची पोच तपासी अंमलदाराला द्या.

दाव्यापुरतं बोलायचं तर आरोपीच्या रकान्यात नाव आलं म्हणून भरपाई ठरवणारं मोटार अपघात दावा न्यायाधिकरण हात बांधून बसत नाही. दोघांचीही थोडी चूक असेल तर टक्केवारी ठरते आणि तुमच्या हिश्श्याएवढी भरपाई कापली जाते.

१०. एफआयआर आठ दिवसांनी झाली. दावा बुडाला का?

नाही. घरचा माणूस अतिदक्षता विभागात असताना कोणी आधी ठाण्यात धावत नाही, हे न्यायालयांना कळतं. एफआयआरला उशीर झाला एवढ्यावर भरपाईचा दावा फेटाळता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये म्हटलं आहे. मात्र उशिराचं कारण हवं, आणि त्या मधल्या दिवसांचा काही कागद हवा. सगळ्यात भक्कम कागद म्हणजे एमएलसी. अपघाताचा रुग्ण आला की दवाखाना पोलिसांना कळवतो, ती नोंद. त्या कागदावर ‘रस्ता अपघात’ असं लिहिलेलं आहे की ‘घरी पडून’, ते तपासा. घाबरलेल्या नातेवाइकाने केसपेपरवर ‘जिन्यावरून पडले’ सांगितल्याने पुढे वर्षभर डोकेफोड होते.

११. पोलीस एफआयआर घेतच नाहीत. ‘आपसात मिटवा’ म्हणतात.

दखलपात्र गुन्ह्याची खबर असेल तर नोंदवणं बंधनकारक आहे. ललिता कुमारी प्रकरणात २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने हे स्पष्ट केलं. नोंदवत नसतील तर फिर्याद लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांना (शहरात उपायुक्तांना) टपालाने पाठवा, तरीही नाही तर न्यायदंडाधिकाऱ्याकडे अर्ज. कलम १७३(४) मध्ये हाच क्रम आहे, पायरी चुकवू नका. ईमेलसारख्या माध्यमातूनही खबर देता येते, पण तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते.

१२. अपघात महामार्गावर, दुसऱ्या जिल्ह्याच्या हद्दीत झाला. आमच्या गावच्या ठाण्यात नोंदवता येईल?

येईल. हद्द कोणतीही असो, खबर घ्यावीच लागते. शून्य क्रमांकाने नोंदवून ती योग्य ठाण्याकडे पाठवतात. पुढे नवा गु.र.नं. पडतो, तो मागून घ्या. भरपाईचा दावासुद्धा अपघाताच्या जिल्ह्यातच लावायला हवा असं नाही, तुम्ही राहता तिथल्या न्यायाधिकरणातही चालतो.

१३. एफएआर, आयएआर, डीएआर ही काय भानगड आहे?

१ एप्रिल २०२२ पासून केंद्रीय मोटार वाहन नियमांत आलेले हे अहवाल. एफआयआर फौजदारी खटल्यासाठी, हे भरपाईसाठी. पोलिसांनीच ते तयार करून मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे पाठवायचे आहेत.

पहिला अपघात अहवाल, म्हणजे एफएआर, ४८ तासांत न्यायाधिकरणाला आणि विमा कंपनीला. मग अंतरिम अहवाल, म्हणजे आयएआर, ५० दिवसांत आणि तपशीलवार अहवाल, म्हणजे डीएआर, ९० दिवसांत. मधल्या काळात चालकाने आणि मालकाने आपापले फॉर्म ३० दिवसांत द्यायचे, पीडिताने ६० दिवसांत. डीएआर मिळाल्यावर विमा कंपनीने ३० दिवसांत आपला निर्णय सांगायचा. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये हे सगळं काटेकोर पाळायला सांगितलं.

कागदावर व्यवस्था सुंदर आहे. प्रत्यक्षात किती ठिकाणी वेळ पाळली जाते, हे ठाण्याचा उंबरा झिजवलेल्यांना विचारा. म्हणून दोन गोष्टी स्वतः करा. पीडिताचा फॉर्म (सहावा) मागून घ्या आणि उत्पन्नाचे पुरावे, बँक खातं, दवाखान्याची बिलं जोडून वेळेत द्या. आणि दुसऱ्या गाडीच्या विम्याचा तपशील अहवालात भरलाय का ते बघा. पॉलिसी क्रमांकाच्या शेजारी ती कोणत्या तारखेला आणि किती वाजता सुरू झाली तेही वाचा. अपघातानंतर दोन तासांनी सुरू झालेली पॉलिसी उपयोगाची नाही.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ प्रमाणे न्यायाधिकरण या अहवालाला अर्ज मानू शकतं. तरी अहवाल गेलाय असं गृहीत धरून बसू नका. अपघातापासून ६ महिन्यांत दावा, अशी मुदत २०१९ च्या दुरुस्तीने आली. या मुदतीला न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्याच्या भरवशावर सातवा महिना उजाडू देण्यात शहाणपण नाही.

१४. गाडी ठाण्याच्या आवारात पडून आहे. कधी मिळणार?

निरीक्षकाची तपासणी झाली की न्यायालयात अर्ज करून सुपूर्दनाम्यावर, म्हणजे हमी देऊन तात्पुरत्या ताब्यात, मिळते. गाड्या ठाण्यात वर्षानुवर्षं सडवू नका, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच बजावलं आहे. परवाना, नोंदणी, विमा दाखवावा लागतो आणि हमीपत्र द्यावं लागतं. तृतीय पक्ष विमा नसेल तर भरपाईची पुरेशी हमी दिल्याशिवाय गाडी सुटत नाही. ताब्यात घेण्याआधी चारही बाजूंचे फोटो काढा. नंतर बॅटरी आणि स्टेपनीवरून वाद होतात.

१५. एफआयआर झाली तेव्हा माणूस जखमी होता. बारा दिवसांनी गेला. आता नवी एफआयआर?

नवी नाही. त्याच गुन्ह्यात कलमवाढ होते: १२५(ब) च्या जोडीला १०६(१) लागतं आणि तपासी अंमलदार तसा अहवाल न्यायालयाला देतो. अडचण येते ती शवविच्छेदन झालं नसेल तर. घरी सोडलेला रुग्ण घरीच गेला आणि अंत्यविधी उरकला, तर मृत्यू अपघातातल्या जखमेमुळेच झाला हे दाखवणं कठीण जातं. त्या दुःखात हे सुचत नाही हे मान्य, तरी सांगतो: आधी ठाण्यात कळवा. पोर्टलवरची जुनी प्रत बदलत नाही, म्हणून कलमवाढीच्या अहवालाची नक्कल वेगळी घ्या.

१६. आरोपीच्या रकान्यात ‘अज्ञात वाहन’ आहे. भरपाई मिळेल का?

मिळेल, पण रक्कम ठरावीक. गाडी सापडलीच नाही तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १६१ च्या योजनेतून मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५०,००० रुपये. अर्ज अपघात झाला त्या भागातल्या दावा चौकशी अधिकाऱ्याकडे, म्हणजे सहसा प्रांत किंवा तहसीलदारांकडे. पुढे गाडी सापडली आणि न्यायाधिकरणाकडून भरपाई मिळाली तर ही रक्कम त्यातून वळती होते.

गाडी सापडली असेल तर हिशेब वेगळा. चूक सिद्ध न करता कलम १६४ खाली मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख, किंवा चूक सिद्ध करून कलम १६६ खाली प्रत्यक्ष नुकसानीप्रमाणे.

१७. ‘अ समरी’ मंजूर झाली असं पत्र आलं. म्हणजे केस बंद?

खटल्यापुरती, तूर्तास. अ समरी म्हणजे गुन्हा खरा, पण आरोपी मिळाला नाही. ब समरी म्हणजे फिर्याद खोटी, आणि ती आली तर फिर्यादीवरच कारवाई होऊ शकते. क समरी म्हणजे गैरसमजातून किंवा दिवाणी स्वरूपाची. आरोपी मयत असेल तर अबेट समरी. समरीला हरकत असेल तर न्यायदंडाधिकाऱ्यासमोर लेखी निषेध अर्ज देता येतो. समरी मंजूर करण्याआधी फिर्यादीला नोटीस जाते, म्हणून पत्ता बदलला असेल तर ठाण्यात कळवून ठेवा.

१८. आम्ही आपसात मिटवलं, स्टँपपेपरवर लिहूनही दिलं. मग केस का चालूच आहे?

स्टँपपेपरने फौजदारी केस संपत नाही. १२५(अ) आणि १२५(ब) न्यायालयाच्या परवानगीने तडजोडीस पात्र आहेत. २८१ आणि १०६ नाहीत, त्यासाठी उच्च न्यायालयात जावं लागतं. ‘माझी काही तक्रार नाही’ अशा कागदावर सही करण्याआधी त्याच कागदात भरपाईचा हक्क सोडल्याचं वाक्य घुसवलंय का ते बघा. दवाखान्याच्या बिलाचे वीस हजार घेऊन लोक लाखांच्या दाव्यावर पाणी सोडतात.

१९. गाडी झाडावर आदळली, चालवणारा स्वतःच गेला. एफआयआर त्याच्याच नावावर! आता विमा?

स्वतःच्याच चुकीने झालेल्या अपघातात चालकाच्या वारसांना तृतीय पक्ष विम्यातून सहसा काही मिळत नाही. पण मालक स्वतः चालवत असेल तर पॉलिसीतलं वैयक्तिक अपघात संरक्षण बघा, ते १५ लाखांचं असतं. त्यासाठी चालू परवाना लागतो. गाडीतल्या इतर प्रवाशांचा दावा वेगळा, आणि तो चालतो. मात्र एफआयआरमधली ‘हयगय’ तपासल्याशिवाय स्वीकारू नका. समोरून आलेल्या गाडीला चुकवताना झाड लागलं असेल तर त्याच्या खुणा पंचनाम्यात असू शकतात (प्रश्न ७).

२०. मी फक्त जखमीला दवाखान्यात नेलं. आता माझं नाव कागदात आहे.

मोटार वाहन कायद्याचं कलम १३४-अ तुमच्या बाजूने आहे. मदत करणाऱ्याला नाव सांगायची किंवा साक्षीदार व्हायची सक्ती करता येत नाही. स्वखुशीने जबाब दिला असेल तर तो वाचून घ्या. त्यावर तुमची सही घेत नाहीत, ही चूक नव्हे, कायद्यातच तसं आहे. उलट पंचनाम्यावर पंचांच्या सह्या लागतातच.

२१. फौजदारी खटल्यात ट्रकचालक निर्दोष सुटला. आमचा दावाही गेला का?

नाही. खटल्यात गुन्हा संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो. न्यायाधिकरणात जास्त शक्यता कोणत्या बाजूला आहे एवढं बघतात. ही फूटपट्टी सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितली आहे. निकालपत्राची नक्कल काढा आणि तो कशामुळे सुटला ते वाक्य शोधा. ‘साक्षीदार फितूर झाले’ किंवा ‘चालक तोच होता हे सिद्ध झाले नाही’ असं असेल तर दाव्याला फारसा धक्का नाही. ‘मोटारसायकल अचानक आडवी आली’ असं पुराव्यानिशी लिहिलं असेल, तर पुन्हा पंचनामा आणि पेन्सिल घेऊन बसावं लागेल.